गोपिकाआत्याची चौथी आणि माझे तक्ते

गोपिकाआत्याला कोणतीही गोष्ट नुसती सांगता येत नसे. भाजीत मीठ कमी पडले तर ती म्हणायची, "ही भाजी म्हंजे सासरहून आलेलं पत्र. लांबलचक, अन् चव कशाचीच नाही." शाळेचे हेडमास्तर चंपतराव तिच्या मते सुटीच्या दिवसाची घंटा होते, टांगलेले असतात, वाजत नाहीत. माझे अक्षर पाहून ती म्हणाली होती की मुंग्यांच्या घरी कोणीतरी वारले असावे, सगळ्या रांगेने निघाल्या आहेत.

अशा बाईला उपमा आणि रूपक कसे शिकवावे हे समजावून सांगायला मी गेलो होतो. त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो आणि ड्राफ्ट्समनची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो होतो. एवढे सांगितले म्हणजे पुढचे बरेचसे समजण्यासारखे आहे.

आत्या ही माझ्या वडिलांची, नत्थूजींची, धाकटी बहीण. आम्ही कोष्टी. घरात दोन माग, त्यातला एक बाबांच्या हाताखाली कायम चालू. आत्याचे लग्न तेराव्या वर्षी उमरेडला झाले आणि दुसऱ्याच वर्षी नवरा मुदतीच्या तापाने गेला. बाबा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला परत घेऊन आले. त्यानंतर ती घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारे सूत रहाटावर गुंडाळायची. रहाटाच्या खुंटीला पुस्तक टेकवून तिने सातवी केली. बाबा अजून सांगतात, "गद्य चालू असलं तं सूत बरोबर. कविता आली का तुटलंच. गोपी पास झाली तवा माझं अर्धं लुगडं गाठीचं होतं."

मग तिला आमच्याच वस्तीतल्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. तिथे कोणी शिक्षक टिकत नसे, म्हणून ट्रेनिंग नसतानाही घेतले. वर्ग दिला पहिलीचा. वर्षानुवर्षे ती मुलांची नाके पुसत होती आणि पाटीवर मुळाक्षरे गिरवून घेत होती. तिचा डोळा मात्र चौथीवर होता. चौथीच्या पुस्तकात कविता असतात, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे खालच्या वर्गांत असतात त्या कविता नसून ताल धरून म्हटलेली मांजरे असतात. एका पावसाळ्यात चौथीचे मास्तर नोकरी सोडून कुहीला शेती करायला गेले आणि चंपतरावांनी दुसरे कोणी मिळेना म्हणून वर्ग आत्याला दिला. त्या संध्याकाळी तिने गल्लीभर फुटाणे वाटले. लोकांना वाटले माझेच कुठे जमले.

हे सुख दोन वर्षे टिकले. मग राजधानी नागपुरातून गेली, कचेऱ्या हलल्या, बदल्या झाल्या, आणि एक दिवस धरमपेठेतून चारुशीलाबाई नावाच्या ट्रेन्ड शिक्षिका आमच्या शाळेत आल्या. स्वच्छ पातळ, मनगटावर घड्याळ, बोलणे मऊ. नियमाने चौथी त्यांच्याकडे जायला हवी होती. चंपतरावांनी नेहमीप्रमाणे काहीच ठरवले नाही. त्यांनी सांगितले की पोळ्यानंतर डिप्टी साहेब तपासणीला येणार आहेत. ते गोपिकाबाईंचा भाषेचा पाठ बघतील. त्यांना पसंत पडला तर चौथी राहील, नाहीतर बाईंनी पहिलीत परत जावे. वर त्यांनी हेही सांगितले की हल्लीच्या साहेबांना भिंतीवर तक्ते लागतात. चित्रे दाखवून शिकवलेलेच शिकवलेले धरतात.

आत्या घरी आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"जागू, तू दिवसभर कचेरीत कागदावर रेघा ओढते न गा?"

मी म्हणालो, रेघा नाही, नकाशे.

"तेच ते. मले तक्ते करून दे. पहिलीत नाही जायचं मले आता. ग गणपतीचा म्हणता म्हणता मीच गणपतीसारखी होऊन जाईन, जागच्या जागी बसून."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी गांधीबागेत गेलो. तिथे कापडाच्या ठाणांमध्ये घातलेले मोठे पुठ्ठे व्यापारी फेकून देतात. ते गोळा केले, बांबूच्या कमच्या आणल्या, रंग आणले. आत्याला बसवून मी विषयाची आखणी सांगितली. अलंकार म्हणजे भाषेची इमारत, असे मी सुरू केले. ती म्हणाली, "हे झालं का रूपक?" मी म्हणालो, मध्ये बोलू नकोस, ते तिसऱ्या तक्त्यात आहे.

पहिला तक्ता उपमेचा केला. वाक्य घेतले: तिचे दात मोत्यांसारखे आहेत. डाव्या बाजूला जबडा समोरून, खाली जबड्याचा छेद. उजव्या बाजूला मोती, त्याचाही छेद. दोघांना मापाच्या बाणरेषा. कोपऱ्यात प्रमाण लिहिले. तुलना करायची म्हणजे दोन्ही वस्तू एकाच प्रमाणात हव्यात, असे माझे म्हणणे होते आणि आजही त्यात तत्त्वतः चूक काय ते मला कळलेले नाही. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारले, "हे कोणाचे दात होय? मेलेल्याचे?"

दुसरा तक्ता अतिशयोक्तीचा. वाक्य: नानाजी जेवायला बसला की अख्खे गोदाम फस्त करतो. मी गांधीबागेतले एक गोदाम डोळ्यांसमोर ठेवून चितारले, शटर, कडी, पायरी, सगळे बरोबर. त्याच्यापुढे नानाजी. आता खरे तर नानाजी गोदामापेक्षा मोठा काढायला हवा होता. पण माझा हातच वळेना. साडेपाच फुटांचा माणूस बारा फुटांच्या दारासमोर जेवढा दिसेल तेवढाच तो उतरला. मी तीनदा पुसले. तीनदा तो तेवढाच आला. "हा तं गोदामाचा चौकीदार दिसून राहिला," आत्या म्हणाली. "बिचाऱ्याले जेवाले तरी भेटते का नाही?"

तिसरा रूपकाचा. आई म्हणजे घराचा खांब. खांबाचा पाया, पायाखालची खडी, छताचा भार दाखवणारे बाण. खांबावर आईचा चेहरा. हा तक्ता आत्याने वर्गात नेऊन पाहिला, तेव्हा चौथीतली देवकी नावाची मुलगी, जिला कोणताही प्रश्न पोटात ठेवता येत नाही, तिने विचारले की आई हलली तर घर पडेल, मग ती पाणी भरायला कशी जाते. आत्याने घरी येऊन मला हे सांगितले. मी उत्तर म्हणून आईच्या शेजारी एक तात्पुरता टेकू काढून दिला.

चौथा तक्ता मात्र मला खरोखर साधला, आणि त्यानेच घात केला. निर्जीव गोष्टीला जिवंत माणसासारखे वागवायचे, ही कल्पना मुलांना पटायची कशी? मी ठरवले की सपाट चित्र उपयोगाचे नाही. पुठ्ठा कापून पुरुषभर उंचीची एक आकृतीच उभी केली. नाव आळस. पोट सुटलेले, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. मागून दोरी ओढली की हात वर जायचा आणि जांभई दिल्यासारखे तोंडावर यायचा. सांध्यांना मी तारेच्या खिळ्या घातल्या होत्या. रंग पिवळा दिला, कारण पिवळा जास्त उरला होता. अंगावर ठळक अक्षरांत लिहिले: आळस. त्याच जोशात एक खोकला केला आणि एक महागाई.

बाबा माग थांबवून बघायला आले. त्यांनी आळसाची दोरी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "हा चांगला जमला. आरशात पाहून केला का?"

नागपूरच्या बाहेर वाढलेल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, आमच्याकडे मारबत निघते. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा. तिच्याबरोबर पोरांनी केलेले लहानमोठे बडगे असतात. ज्या पीडेचा कंटाळा आला असेल तिचा पुतळा करायचा, मिरवायचा, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचे, आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. बडग्याला सामान लागते. म्हणून आमच्या वस्तीत रिवाज आहे की त्या सकाळी ओट्यावर जी मोडकी सुपे, झाडू, टोपल्या ठेवलेल्या असतात, त्या पोरांच्या. विचारायचे नाही, उचलायचे.

हा रिवाज मला माहीत होता. लहानपणी मी स्वतः शेजारणीची चांगली टोपली उचललेली आहे. पण तपासणी करीच्या दुसऱ्या दिवशी होती, हवा दमट होती, रंगावर दिलेले रोगण वाळत नव्हते, आणि मी माणूस पहिल्या वर्गात पास झालेला. करीच्या सकाळी जरा ऊन पडले तसे मी सगळे तक्ते उचलून ओट्यावर मांडले. आळस मध्ये, खोकला आणि महागाई दोन बाजूंना, नानाजी आणि आई भिंतीला टेकवून. दातांचा तक्ता तेवढा आत राहिला, कारण आत्याने त्याच्याकडे पाहून जेवण जात नाही म्हणून तो आधीच उलटा करून ठेवला होता. मग मी हात धुतले आणि मारबत बघायला गेलो.

गर्दी दाट होती. डफ वाजत होते. तोंडाला काजळ फासलेली पोरे नाचत होती. मोठी पिवळी मारबत डुलत पुढे गेली आणि मागून गल्लीगल्लीचे बडगे येऊ लागले. त्यात एक बडगा असा आला की लोक मान वळवून पाहू लागले. पिवळा, पोट सुटलेला, आणि त्याचा हात चक्क वरखाली होत होता. मला कामाची पारख आहे. मी शेजारच्या माणसाला म्हणालो की हा बघा, हे काम साध्या पोरांचे नाही, सांधे बघा कसे बसवलेत. तो म्हणाला, लय भारी. आणि आम्ही दोघे मिळून जोरात ओरडलो, "आळस घेऊन जा गे मारबत!"

ओरडून झाल्यावर मी अंगावरची अक्षरे वाचली. अक्षरे माझी होती.

मी धावलो. पण करीच्या गर्दीत 'तो बडगा माझा आहे, थांबा' असे म्हणणाऱ्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही. ज्याने त्याने हेच ओरडायचे असते. मी वस्तीबाहेरच्या मैदानात पोचलो तेव्हा आळस पेटला होता. रोगण ताजे असल्यामुळे फारच सुंदर पेटला. त्याच्यामागून खोकला पेटला, महागाई पेटली. आई आणि नानाजी बहुधा सरपण म्हणून खाली घातले होते. भोवती चौथीचा जवळजवळ सगळा वर्ग उड्या मारत होता. देवकीने मला पाहिले आणि अभिमानाने सांगितले, "जागूभाऊ, आपला पयला पेटला!"

आत्याला सांगायला मी घरी गेलो, पण तिला आधीच कळले होते. ती उंबऱ्यावर बसली होती. ती रागावली असती तर बरे झाले असते. बाबा म्हणाले की आता चित्रे नव्याने काढ. पण पुठ्ठे नव्हते, दुकाने बंद होती, आणि रंग वाळायला दोन दिवस लागत होते. आत्याने फक्त विचारले, "दात राहिले न?"

मी म्हणालो, राहिले.

"मंग दातच नेते," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पहिलीच्या पोरायले कायच्या उपमा सांगू मी, जागू? त्याईले तं अजून चंद्राचा 'च' येत नाही." हे ती मला विचारत नव्हती. मी उत्तरही दिले नाही, ही माझी त्या दिवसातली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून अर्धी रजा घेतली. ही रजा मी आधीच मांडून ठेवली होती. साहेब विचारतील की हे तक्ते कोणी केले, तेव्हा जवळ असावे म्हणून. आता तक्ते नव्हते, पण रजा होती. मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो.

डिप्टी साहेब उंच, कोरडे गृहस्थ होते. ते खुर्चीत बसले. चंपतराव त्यांच्यामागे उभे राहिले. चारुशीलाबाई दाराशी. भिंतीवर माझा जबडा एकटा लटकत होता.

आत्याने पाठ सुरू केला. पण तिने पाठाची तयारी तक्त्यांवर केली होती, आणि घाबरलेला माणूस तयारी सोडत नाही. तिने छडी घेतली, रिकाम्या भिंतीकडे गेली आणि म्हणाली, "पोरांनो, हे पाहा. इथं आळस उभा आहे." सगळ्या वर्गाने रिकाम्या भिंतीकडे पाहिले. छडी जरा सरकली. "अन् इथं खोकला." वर्गाने तिकडे पाहिले. पोरे शहाणी होती.

साहेब म्हणाले, "बाई, तिथे काय आहे?"

"काल होतं साहेब."

"मग आज कुठे गेलं?"

आत्याने छडी भिंतीवरून काढली आणि सरळ खिडकीकडे, माझ्याकडे, रोखली. "त्या पोराले विचारा. माझा भाचा आहे. त्याने करीच्या दिवशी ओट्यावर मांडले."

साहेबांनी मला पाहिले. मी नमस्कार केला. दुसरे काय करणार?

तेवढ्यात देवकी उभी राहिली. "साहेब, आळस आम्ही जाळला."

चंपतरावांनी डोळे मिटले. साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. "असं? मग आता या वर्गात कोणी आळशी उरलं नसेल."

"आहे न साहेब. बबन्या आहे." बबन्याने मान खाली घातली. "जळला तो पुठ्ठा. आळस तं अंगात असते. त्याले हातपाय नसते."

"हातपाय नसतात, तर मग तुम्ही लावले कशाला?"

देवकीने विचार केला. आत्याची छडी हवेतच राहिली.

"हातपाय लावल्याशिवाय त्याले खांद्यावर कसं नेणार, साहेब? धरता यायला पाहिजे न."

साहेबांनी वर्गाला विचारले की आणखी कशाकशाला हातपाय लावता येतील. एकाने सांगितले, "भुकेले." ती रोज बापाच्या आधी घरी येते आणि चुलीपाशी बसते. एक मुलगी म्हणाली की आमचा माग म्हातारा झाला आहे, रात्री कण्हतो. बबन्या, ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, तो म्हणाला, तपासणीले. साहेबांनी विचारले, ती कशी दिसते? बबन्या म्हणाला, "उंच. अन् हसत नाही." त्यावर वर्गात इतकी शांतता पसरली की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू आले.

आत्याने आता छडी टेबलावर ठेवली. रिकाम्या भिंतीकडे पाठ केली आणि म्हणाली, "बबन्या, ती आली तवा तुले कसं वाटलं? कशासारखं?" त्यानंतर अर्धा तास कोणीच भिंतीकडे पाहिले नाही. आत्या चुकलीही. एकदा तिने उपमेला रूपक म्हटले आणि साहेबांच्या भुवया वर गेल्या. एका मुलावर ती नको तेवढी ओरडली. पण ती विचारत होती आणि पोरे एकमेकांच्या अंगावरून हात वर करत होती.

पाठ संपल्यावर साहेबांनी देवकीला शेवटचा प्रश्न विचारला, की गल्लीत इतके सामान असताना तुम्ही नेमका तो आळसच जाळायला काहून नेला. 'काहून' ते आमच्यासारखेच म्हणाले. कदाचित त्यांच्याही घरी कर होत असावी.

"अख्ख्या गल्लीत त्याच्याहून भेसूर काहीच नव्हतं, साहेब," देवकी म्हणाली. माझ्या कामाची इतकी प्रामाणिक प्रशंसा त्याआधी किंवा नंतर कोणी केलेली नाही.

जाताना साहेब जबड्यासमोर थांबले. त्यांनी मापे वाचली, छेद पाहिला आणि चंपतरावांना म्हणाले की दातांच्या निगेचा हा आरोग्याचा तक्ता उत्तम आहे, खालच्या वर्गांतही लावावा. मी खिडकीतून खुलासा करणार होतो, पण आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी तोंड मिटून घेतले. मग साहेब चारुशीलाबाईंकडे वळले आणि त्यांना तिसरी घेण्याबद्दल विचारले. त्यांनी मऊ आवाजात हो म्हटले. उंबऱ्यात उभे राहून साहेब चंपतरावांना म्हणाले, "चौथी यांच्याकडेच असू द्या. पण उन्हाळ्यात ट्रेनिंगला पाठवा. उपमा कोणती आणि रूपक कोणतं, तेवढं एकदा पक्कं होऊ द्या."

आत्याने "हो जी" म्हटले. ते गेल्यावर ती बाकावर बसली आणि पदराने कपाळ पुसत राहिली, बराच वेळ, घाम नसतानाही.

मला वाटले होते की आता ती मला काहीतरी म्हणेल. पण संध्याकाळी ती ज्वारीच्या भाकरी थापत गुणगुणत होती, आणि बाबा म्हणाले की हिच्या हातात आता सूत देऊ नका कोणी.

मी मात्र धडा घेतला होता. कचेरीतून आणलेल्या नकाशाच्या कागदावर शाईने रातोरात एक नवा तक्ता केला: उपमा आणि रूपक यांच्यातला फरक, दोन रकान्यांत, बाणांसह. सकाळी कचेरीला जाण्याआधी तो गुंडाळून शाळेत गेलो. आत चौथीची नवी कविता चालू होती. आत्या एक ओळ म्हणत होती, पोरे तिच्यामागून म्हणत होती, आणि मध्येच कोणीतरी काहीतरी विचारत होते. मी खिडकीत उभा राहून गुंडाळी वर केली.

तिने पाहिले. ओळ पूर्ण केली. मग खिडकीपाशी आली.

"जाय गा जागू आता," ती हळू म्हणाली. "पोरायचं लक्ष जाते."

मी गेलो. कचेरीला पोचायला उशीर झाला.